दोन खाड्यांचा पट

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याऐंशीची. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी कारखान्याने आम्हाला निळे एप्रन दिले आणि त्याच वर्षी माझ्या जाऊबाईंचा उजवा अंगठा कामातून गेला.

कारखाना पटावरच्या खेळांचा होता. वरच्या मजल्यावर साहेबांची खोली आणि नवे खेळ तपासायची खोली, मागच्या इमारतीत छपाई, आणि तळमजल्यावर भरणीचं लांबलचक टेबल. त्या टेबलाला आम्ही अकरा बायका. पहिली रिकामा खोका पुढे सरकवायची, दुसरी त्यात घडीचा पट ठेवायची, तिसरी तांबड्या होड्या टाकायची, चौथी पांढऱ्या, आणि असा सरकत सरकत खोका माझ्यापाशी आला की मी नियमांचा कागद सारखा करून झाकण बसवायची. ऐकायला सोपं वाटतं. पण घाईत बसवलं तर झाकणाचा कोपरा फाटतो आणि हळू बसवलं तर मागे दहा खोके तुंबतात. आमच्या घरी थट्टा व्हायची. हे म्हणायचे, लोकांना घरातल्या एकाचं तोंड बंद करता येत नाही, तू रोज चारशेंचं करतेस.

सगळ्यात खपाचा आमचा खेळ म्हणजे ‘नावाडी’. दोघांनी खेळायचा. फासे नाहीत, त्यामुळे हरल्यावर नशिबाच्या नावाने बोटं मोडायची सोय नाही. दोघांना बारा-बारा होड्या. आपल्या किनाऱ्यावरून निघून समोरच्या किनाऱ्याला लागायचं. समोरच्याची होडी आपल्या दोन होड्यांच्या मध्ये सापडली की ती बुडाली. आठ होड्या आधी पोचवील तो जिंकला.

तांबड्या होड्या जाऊबाईंच्या. त्या माझ्या थोरल्या जाऊ. माझे मोठे दीर गेल्यावर त्या चार वर्षं आमच्याकडे राहिल्या, मग एके दिवशी कारखान्याजवळ एक खोली भाड्याने घेतली आणि ट्रंक उचलून चालत्या झाल्या. भांडण नव्हतं. त्यांना स्वतःच्या चुलीवर स्वतःला हवा तेव्हा चहा करायचा होता, एवढंच. कारखान्यात मला त्यांनीच लावलं. होड्या न मोजता भरायच्या, ही तिथली रीत. तीन बोटं आणि अंगठा टोपलीत घालायचा आणि बाहेर काढायचा, बरोबर बारा. जाऊबाईंच्या चिमटीत नऊ वर्षं बाराच आल्या. मग त्या वर्षी अंगठ्याचं मूळ सुजायला लागलं, आणि चिमटीत कधी अकरा यायच्या, कधी तेरा. तेरा आल्या तर कुणी तक्रार करत नाही. अकरा आल्या की पत्र येतं.

पत्रं साठली तेव्हा साहेबांनी त्यांना वर बोलावलं. महिनाअखेरीपर्यंत या, म्हणाले, नंतर घरी आराम करा. घर म्हणजे आमचं घर, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मीही तेच म्हटलं. जाऊबाई म्हणाल्या, “तुझ्याकडे येईन की. चार दिवस, पाहुणी म्हणून. पाचव्या दिवशी मी दुसऱ्याच्या ताटावर बसलेली बाई होते, धाकटे, आणि तसं मला जमत नाही.”

खोक्यांत एक जादा कागद घालायचा हुकूम याच्या बराच आधी आला होता. चार महिने मी तो घातला, त्यामुळे पाठ झाला होता. शनिवार-रविवार असा दोन दिवसांचा खेळमेळा भरणार, त्यात ‘नावाडी’ची मोठी स्पर्धा, स्पर्धा सर्वांना खुली. जिंकेल त्याला कप, आणि एक वर्ष पगारी नेमणूक कंपनीच्या तपासणीच्या खोलीत. म्हणजे खुर्चीवर बसायचं, छापायच्या आधी नवे खेळ खेळून बघायचे आणि कुठे काय चुकतं ते सांगायचं. त्याला अंगठा लागत नाही.

साहेबांकडून खाली आल्यावर जाऊबाईंनी तो कागद एकदाच वाचला आणि एप्रनच्या खिशात ठेवला.

आता हे सांगायला हवं की आम्ही तो खेळ रोज खेळत होतो. जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची. डबा खायला आठ मिनिटं, उरलेल्या बारा मिनिटांत एक डाव. एका टेबलावर चार डाव लागायचे. पट अर्थातच टाकाऊ. छपाईत पटाचे दोन अर्धे वेगवेगळे छापत आणि मग मध्ये कापडाची पट्टी चिकटवून जोडत. एका अर्ध्यावर खाडी असायची, तिच्या दोन्ही बाजूंना काळेकुट्ट खडक. त्या काळ्या शाईने कागद हमखास फिसकटायचा आणि ते अर्धे कचऱ्यात जायचे. आम्ही ते उचलून आणायचो, एक सुलटा, एक उलटा असे जवळ ठेवायचो, की झाला पट. नऊ वर्षं जाऊबाई त्यावर खेळल्या आणि टेबलावरच्या एकीकडूनही हरल्या नाहीत. आमच्यातली बडबडी म्हणून एक होती, ती त्यांच्याशी हरली की म्हणायची, बाईला होड्यांची भाषा येते, रात्री उशाला घेऊन झोपत असणार.

मेळ्यात कंपनीचं एक काउंटर असणार होतं. ज्यांच्या खोक्यात सोंगटी, होडी, काही कमी निघालं असेल त्यांना ती तिथे द्यायची. त्यासाठी साहेबांनी आम्हा दोघींना पाठवलं, नवे एप्रन घालून. कमी भरणाऱ्या बाईलाच माफी मागायला बसवलं, असा त्यातला हिशोब. तो बोलून दाखवला नाही, पण आम्हाला कळला.

मेळा एका कॉलेजच्या व्यायामशाळेत होता. दोर आणि कड्या वर गुंडाळून ठेवलेल्या, जमिनीवर रंगीत रेषा, आणि त्या रेषांवर शंभरभर घडीची टेबलं. मी तोपर्यंत आमच्या टेबलाबाहेर मोठ्या माणसांना दिवसाढवळ्या खेळताना पाहिलंच नव्हतं. कारकून, नर्सा, बापलेक, एक सबंध कुटुंब आजीसकट, सगळे माना खाली घालून. आवाज इतकाच, सोंगट्या ठेवल्याचा टकटक आणि खुर्च्या सरकवल्याचा. आमच्या काउंटरवर पहिल्या तासात सतरा माणसं आली. त्यातली बारा तांबड्या होडीसाठी. प्रत्येकाला जाऊबाईंनी स्वतः उठून होडी दिली, स्वतः म्हणाल्या, माझी चूक झाली. एक गृहस्थ म्हणाले, तुमची कशी, कारखान्याची. जाऊबाई म्हणाल्या, नाही, माझीच.

बारावी होडी देऊन झाली आणि त्यांनी मला सांगितलं, काउंटर सांभाळ, मी नाव घालून येते.

नाव घेणारी मुलगी विशीतली होती, गळ्यात शिट्टी. वेळ संपली की ती वाजवायची, म्हणून दोन दिवस सगळे तिला शिट्टीवालीच म्हणत होते. अर्जावर व्यवसाय लिहायचा होता. जाऊबाईंनी लिहिलं, ‘होड्या भरणे’. शिट्टीवालीला वाटलं बंदरावरचं काहीतरी काम असेल. तिने शिक्का मारला.

शनिवारी चार डाव आणि त्यातून वरचे आठ जण रविवारी, असा नियम. पहिला डाव एका शाळामास्तरांशी होता. मी काउंटरवरून मान उंच करून बघत होते. जाऊबाई नेहमीसारख्या फटाफट चालल्या, आणि मग एकदम थांबल्या. नऊ वर्षांत त्या अशा थांबलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. मास्तर वाकून म्हणाले, बाई, इथे खाडी नाही, इथे वाळूचा बांध आहे, होडी अडकली तुमची. जाऊबाई पटाकडे अशा बघत होत्या जशी माहेरी गेलेली मुलगी स्वयंपाकघरातले डबे हलवलेले बघते. तो डाव त्या हरल्या.

काउंटरवर आल्या, एक नवा खोका काढला, त्यातला पट घेतला आणि उलगडला. एका बाजूला आमची ओळखीची खाडी. दुसऱ्या बाजूला मोकळा समुद्र, मध्ये वाळूचा एक बांध, बाकी ऐसपैस. मी कधी पाहिलाच नव्हता. पट आमच्याकडे घडी घातलेला यायचा, वर कागदाची पट्टी चिकटवलेली. भरणीच्या बाईने ती फोडायची नाही. लाखो पट आमच्या हातांखालून गेले, आणि दोघींपैकी एकीनेही त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. नियमांच्या कागदावर पटाचं चित्र नव्हतं. आमच्या समजुतीने जगभर सगळे दोन खाड्यांच्या पटावर खेळत होते.

मला आधी हसू आलं, मग रडू. मी म्हटलं, जाऊबाई, राहू दे आता. आपल्याला येतो तो खेळच वेगळा. नाचता येईना अंगण वाकडं, असं हसतील लोक.

त्या पटावर बोट फिरवत होत्या. म्हणाल्या, “उलट आहे गं. माझं अंगण दोन्हीकडून वाकडं होतं. यांचं एकीकडे सपाट आहे, आणि सगळे तिकडेच जाऊन नाचतात. त्यांना खाडीत ओढून आणते, मग बघू कुणाला काय येतं.”

आणि त्यांनी तेच केलं. दुसऱ्या डावापासून मोकळ्या समुद्रावर चार होड्या कुंपणासारख्या लावून टाकल्या आणि त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. बाकी आठ खाडीत. खाडी इतकी अरुंद, की एका वेळी एकच होडी जाते, आणि कोण कुणाला आधी वाट देतं यावर सगळं. इतर लोक तिकडे फिरकत नसत, त्यांना तिथली वळणं माहीत नव्हती. जाऊबाईंना बाजाराच्या रस्त्यासारखी पाठ होती. शिवाय आमचा हिशोब बारा मिनिटांचा. इथे एका डावाला तास मिळायचा. समोरच्याने विचार करून, कपाळ चोळून चाल केली, की हात मागे जायच्या आत जाऊबाईंची चाल झालेली असायची. मग त्या निवांतपणे इकडेतिकडे बघत बसायच्या. त्याने माणसं बावचळत. एक धिप्पाड गृहस्थ तर म्हणाले, बाई, जरा विचार केल्यासारखं तरी करा, मला लाज वाटते. शनिवारचे उरलेले तीन डाव जिंकल्या. रविवारी सकाळी दोन जिंकल्या. दुपारी अंतिम डाव, दातांच्या डॉक्टरांशी.

हे दातांचे डॉक्टर तीन वर्षं ओळीने कप घेऊन गेलेले. बारीक, टापटीप, होडी उचलताना सुद्धा दोन बोटांनी अशी उचलायचे की दुखू नये. भोवती दीडदोनशे लोक उभे राहिले. मी काउंटर तसंच टाकून स्टुलावर चढले होते, तेवढ्यात साहेब आले.

ते कप द्यायला आले होते. नवा कोट, बरोबर दोन पाहुणे. त्यांनी गर्दीतून पाहिलं, निळा एप्रन ओळखला, आणि मला स्टुलावरून खाली बोलावलं. आवाज अगदी मऊ. कंपनीची बाई कंपनीचा कप जिंकली तर लोक काय म्हणतील, असं विचारलं. डोकं दुखतं म्हणावं आणि उठावं, मग महिनाअखेरीचं मी बघतो, म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, तुमचंही त्याच टेबलावर पोट आहे ना.

चाळीस वर्षं होऊन गेली, पण पुढचं लिहिताना अजून मान खाली जाते. मी गेले. गर्दीतून वाट काढत गेले, वाकले आणि त्यांच्या कानात म्हटलं, जाऊबाई, साहेब उठा म्हणताहेत.

त्यांनी पटावरची नजर काढली नाही. “तू काय म्हणतेस?”

मी मागे वळून साहेब कुठे उभे आहेत ते पाहिलं.

“मग जा,” त्या म्हणाल्या. “काउंटरवर गिऱ्हाईक खोळंबलंय.”

साहेबांना स्वतःला यावं लागलं. लोकांनी वाट दिली. त्यांनी हसत हसत सांगितलं, की काहीतरी गैरसमज झालाय, या बाई कंपनीच्या नोकरीत आहेत, स्पर्धा गिऱ्हाइकांसाठी आहे. जाऊबाईंनी खिशातून तो कागद काढला. इतके दिवस खिशात राहून त्याच्या घड्या कापडासारख्या झाल्या होत्या.

“हा आमच्या धाकटीने भरलाय, साहेब, प्रत्येक खोक्यात. चाळीस हजार कागदांवर ‘सर्वांना खुली’ असं छापलंय. एकावर तरी ‘भरणीच्या बायका सोडून’ असं असलं तर दाखवा, मी उठते.”

साहेबांचं हसू जरा आखडलं. ते खाली वाकून म्हणाले, बाई, महिनाअखेर लांब नाही. हे त्यांनी हळू म्हटलं, पण व्यायामशाळेत हळू काही राहत नाही.

“महिनाअखेरीला तुम्ही मला काढणारच आहात,” जाऊबाई म्हणाल्या. “मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. मी उठणार नाही. उठवायचंच असेल तर टेबलासकट उठवा, फक्त होड्या हलू देऊ नका.”

लोक हसले. साहेबांनी शिट्टीवालीला बोलावून डाव रद्द कर म्हणून सांगितलं. ती पोरगी घाबरली होती, हातात नियमांचा कागद होता. तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाली की यात तसं काही नाहीये सर, मला फक्त वेळ संपली की शिट्टी वाजवता येते. आणि वेळ अजून बावीस मिनिटं आहे.

मग साहेब डॉक्टरांकडे वळले. त्यांचं अभिनंदन करायला हातही पुढे केला. डॉक्टरांनी तो हातात घेतला नाही.

“मी दोन होड्या मागे आहे,” ते म्हणाले. “हा कप असा घरी नेला तर बायको विचारेल, कसा जिंकलात. तिला काय सांगू? बाजूला व्हा, उजेड अडतोय.”

शेवटचं म्हणून साहेब एवढंच म्हणाले, की निदान तो एप्रन तरी काढा. जाऊबाईंनी दोन्ही हात मागे नेले. मला वाटलं काढतात. त्यांनी गाठ सोडली, पुन्हा घट्ट बांधली, आणि चाल केली.

डॉक्टर काही लेचेपेचे नव्हते. त्यांनी दोन होड्यांचं अंतर भरून काढलं. सात-सात झालं. डॉक्टरांची उरलेली एकच होडी खाडीच्या तोंडाशी, जाऊबाईंची एक आत, मधल्या वळणावर, आणि वळणाच्या खडकाशी त्यांचीच आणखी एक, आधीपासून उभी. कुणीही पाहिलं असतं तर म्हटलं असतं की आता जाऊबाईंनी पळावं. त्या पळाल्या नाहीत. एक घर मागे आल्या. गर्दीतून हाय निघाली. मला मात्र कळलं, कारण सुट्टीत त्यांनी मला असं शंभर वेळा बुडवलं होतं. मागे आल्यामुळे डॉक्टरांना आत येण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही, आणि आत आले की वळणावर त्यांना आधीची एक होडी आणि ही, अशा दोघींच्या मध्ये उभं राहावं लागत होतं. डॉक्टरांनी अकरा मिनिटं पट पाहिला. जाऊबाई वर गुंडाळलेले दोर बघत बसल्या. शेवटी डॉक्टरांनी होडीवरचा हात काढला आणि म्हणाले, “पोचलात तुम्ही.” शिट्टी वाजायला अजून चार मिनिटं होती.

कप साहेबांनाच द्यावा लागला. भाषणात त्यांनी विजेत्या एक गृहिणी आहेत असं सांगितलं. जाऊबाईंनी त्यांच्या हातातून माइक घेतला, मी गृहिणी नाही, मी होड्या भरते, अकरा निघाल्या असतील त्यांनी काउंटरवर यावं, असं सांगून परत दिला. टाळ्या थांबल्यावर साहेबांनी मला आणि त्यांना कोपऱ्यात घेतलं. कप तुमचा, म्हणाले, पण खुर्चीचं विसरा. तिथे अहवाल लिहावे लागतात, विचार करावा लागतो, ते भरणीच्या बाईचं काम नव्हे. उद्या वर येऊ नका. जाऊबाईंनी ऐकून घेतलं. बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या. कप मांडीवर होता. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, थांब, उतरायचं आलं.

सोमवारी सात वाजता त्या कारखान्यात आल्या. टेबलापाशी थांबल्या नाहीत. एप्रन बांधला, जिना चढल्या, आणि तपासणीच्या खोलीत खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसल्या. साहेबांनी त्यांना खाली आणायला रखवालदार पाठवला. तो वर गेला आणि एकटाच परत आला. म्हणाला, त्या विचारताहेत, खेळ कुठे ठेवलेत.

आम्ही खाली कामाला लागलो होतो. तांबड्या होड्यांवर एका नव्या मुलीला बसवलं होतं. पहिला खोका सरकत माझ्यापाशी आला. मी नियमांचा कागद सारखा केला आणि झाकण न घालता खोका खाली जमिनीवर ठेवला. दुसराही तसाच. बडबडीने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या जन्मात पहिल्यांदा गप्प बसली.

उघडे खोके एकावर एक रचता येत नाहीत. खालच्यातल्या होड्या दबतात, वरचा घसरतो. ते पसरावेच लागतात. नऊ वाजेपर्यंत माझ्या मागची जमीन भरली. दहाला खिडक्यांच्या कट्ट्यांवर, मग दरवाज्यात, मग जिन्याच्या पायऱ्यांवर, एकेका पायरीवर एकेक. बायका आपणहून उठून नेऊन ठेवू लागल्या, मी कुणाला सांगितलं नव्हतं. अकरा वाजता ट्रक आला. ड्रायव्हर आत डोकावला, म्हणाला हे काय, कारखान्याने आ वासलाय का, आणि बाहेर जाऊन हॉर्न वाजवायला लागला.

साहेब खाली यायला निघाले, पण पाय ठेवायला पायरी नव्हती. जिन्याच्या वरच्या टोकाशी उभे राहून त्यांनी विचारलं, झाकणं का घातली नाहीत.

खोटं कशाला सांगू. मी त्यांच्याकडे न बघता, हातातल्या झाकणाकडे बघून बोलले. “काल मी तुमचा निरोप सांगितला, साहेब. तेव्हापासून हात चालत नाही. जाऊबाईंना खुर्ची दिलीत की चालेल.”

त्यांनी बडबडीला माझ्या जागी बसायला सांगितलं. ती अगदी नम्रपणे म्हणाली, झाकण शिकायला वर्ष लागतं, साहेब, मी आजपासून सुरुवात करते. दुसरी म्हणाली तिचा कोपरा फाटतो. तिसरी म्हणाली तिचाही. ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता. मला काढून टाकायची धमकी झाली, सगळ्यांना काढायची झाली. मग साहेब खोलीत गेले, फोन केले, फोन आले. पाऊण वाजता त्यांनी वरूनच एक कागद खाली सोडला. एक वर्ष, त्याच्यावर एक दिवस नाही, आणि खाली सही.

तो कागद वर जाऊबाईंकडे कसा पोचवायचा हा प्रश्न होता, कारण जिना खोक्यांनी भरलेला. मग मी सगळ्यात खालच्या पायरीपासून झाकणं घालत, बंद खोके खाली देत देत वर गेले. चोवीस पायऱ्या. वर पोचले तेव्हा त्या एक नवा खेळ मांडून बसल्या होत्या. कागद वाचला, घडी केली. मी काल विचारायचं राहिलेलं विचारलं, रागावलात का. त्या म्हणाल्या, “काल रागावले होते. बस समोर. याचे नियम कुणी गाढवाने लिहिलेत, आपण दोघी बघू.”

दातांचे डॉक्टर पुढल्या वर्षी पुन्हा आले, पुन्हा हरले, आणि त्यानंतर माझ्या दोन अक्कलदाढा त्यांनी काढल्या. म्हातारपणी त्यांच्या हाताला कंप सुटला आणि त्यांनी दवाखाना मुलीला दिला. शिट्टीवाली पुढे न्यायालयात कारकून लागली आणि मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झाली असं ऐकलं. बडबडीने भरणीच्या बायकांची संघटना काढली. पाच वर्षांत जेवणाची सुट्टी पस्तीस मिनिटांची झाली, त्यातली वीस ती एकटीच बोलायची. साहेबांची दोन वर्षांनी दुसऱ्या शाखेत बदली झाली. जाताना ते आम्हा सगळ्यांशी बोलले, माझ्याशी सोडून.

जाऊबाई त्या एका वर्षाच्या खुर्चीवर चौदा वर्षं बसल्या. त्यांचा पहिला अहवाल चार ओळींचा होता, आणि त्यामुळे नियमांच्या कागदावर उघडलेल्या पटाचं चित्र छापायला लागले. खोली त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. बहात्तराव्या वर्षी तिथेच, झोपेत गेल्या. त्याच्या आदल्या रविवारी आमच्याकडे जेवायला आल्या होत्या, आणि मी राहा म्हटलं तर नाही म्हणाल्या.

मी झाकणं घालतच निवृत्त झाले. हे गेले, मुलं आपापल्या गावी आहेत. मोठा मुलगा म्हणतो, आई, तू आता एकटी नको राहूस, आमच्याकडे ये. मी जाते. चार दिवस राहते आणि परत येते.